गाडीवर आम्ही चौघे

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितला होता रंगाच्या कारखान्यातला अनुभव. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी एकवीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार. पण त्या एकवीस वर्षांत सांगण्यासारखं घडलं ते एवढंच की मी कधी स्वल्पविराम चुकवला नाही आणि शेवटी कारखाना गुजरातेत गेला. मी पालघरलाच राहिलो. त्यानंतर पाच वर्षं जे काम केलं ते मला घरच्यांनाही कधी नीट समजावता आलं नाही. बायको शेजारणींना "कॉम्प्युटरवर असतात" एवढंच सांगायची. खरं म्हणजे मी लुटुपुटूच्या लढाईतल्या माणसांच्या तक्रारी ऐकायचो.

परदेशातल्या एका कंपनीचा तो खेळ होता. रणगाडे, विमानं, युद्धनौका, सगळं अगदी हुबेहूब, आणि जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच मैदानात एकमेकांवर तोफा डागणार. खेळणारे लाखांनी असले की रागावणारेही लाखांनी असतात. त्यांचा राग ऐकून घेण्याचं काम त्या कंपनीने दुसऱ्या कंपनीला दिलं, दुसरीने तिसरीला, आणि तिसरीचं ऑफिस निघालं बोईसरला, एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली सेलची गर्दी, वर जागतिक महायुद्ध. औद्योगिक वसाहतीकडचा वारा सुटला की दोन्ही मजल्यांवर सारखाच वास यायचा.

तक्रारीला आमच्यात तिकीट म्हणतात. तिकीट उघडायचं, वाचायचं, तयार उत्तरांच्या यादीतलं योग्य उत्तर चिकटवायचं, वर खेळाडूचं नाव घालायचं आणि पुढचं तिकीट उघडायचं. एका तिकिटाला सहा मिनिटं. मी जाऊन बसलो तेव्हा आमच्या तुकडीची प्रमुख होती घिवलीची प्रणाली, भाजीपाल्याच्या वाड्या करणाऱ्या घरातली, माझ्या पुतणीच्या वयाची. पहिल्याच दिवशी मी एका खेळाडूला स्वतःच्या शब्दांत दीड पानाचं उत्तर लिहिलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "काका, भाषा झकास हाय. पण एवढं वाचणार कोण? सतरा नंबर चिकटवा नि मोकळे व्हा."

या सतरा नंबरबद्दल सांगायला हवं, कारण माझी पाच वर्षं त्यातच गेली. सणासुदीला खेळात उत्सव असायचा. तीन आठवडे रोज ठरावीक कामगिऱ्या पुऱ्या करायच्या, त्याबद्दल चांदण्या मिळवायच्या, आणि सगळ्या चांदण्या जमल्या की एखादा दुर्मीळ रणगाडा किंवा विमान बक्षीस. ते पुन्हा कधी मिळत नाही. सगळ्यात मोठा उत्सव नाताळाच्या दोन आठवडे आधीपासून नव्या वर्षापर्यंतचा. आता, रणगाडा म्हटला की तो कुठल्यातरी एका देशाचा असणार. आणि ज्यांच्या देशाचा नसतो त्यांना वाटतं, बघा, पुन्हा आम्हाला डावललं. मग तिकिटांचा पूर येतो. त्या पुराला उत्तर क्रमांक सतरा: "आमच्यासाठी सर्व राष्ट्रे समान आहेत. आपल्या भावनांची नोंद घेतली आहे." नोंद कुठे घेतली जाते, हे मी एकदा विचारलं होतं. प्रणाली हसली आणि चहा आणायला गेली.

एक जर्मन मास्तर होते. दर उत्सवाला ते तक्ता पाठवायचे, कोणत्या सणाला कोणत्या देशाला काय मिळालं याचा, रेघा मारून, रंग देऊन. त्यांच्या तक्त्यानुसार जर्मनीवर अन्याय होत होता. एक पोलिश गृहस्थ दर वेळी एकच वाक्य लिहायचे, "आम्ही लढलो नव्हतो काय?" एक तुर्की खेळाडू आदल्या दिवशी आईवरून शिव्या द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी माफी मागून मिठाईच्या ताटाचा फोटो पाठवायचा. सगळ्यांना सतरा नंबर. एका पंधरा ऑगस्टच्या आसपास मी एकाच सकाळी एका भारतीयाला आणि एका पाकिस्तान्याला शब्दही न बदलता तेच उत्तर पाठवलं. दोघांचीही संध्याकाळच्या आत उलट तिकिटं आली. दोघांनीही लिहिलं होतं की तुम्ही समोरच्याला विकले गेला आहात. त्या दिवशी मला माझ्या निःपक्षपातीपणाचा थोडा अभिमानही वाटला.

आपल्या लोकांचं गाऱ्हाणं मात्र जरा वेगळं होतं. नाताळला रणगाडा मिळायचा आणि दिवाळीला मिळायची पणती. म्हणजे पणतीचं चित्र, रणगाड्यावर चिकटवायला. मला स्वतःला ती दिसायला बरी वाटायची, पण लोक खवळायचे. शिवाय खेळात भारताचा असा स्वतंत्र झेंडाच नव्हता. आपल्याकडची जी थोडी रणगाडे-विमानं होती ती ब्रिटनच्या खात्यात ठेवलेली. कारण विचारलं तर उत्तर असायचं, मूळ आराखडा त्यांचा. हा पक्षपात होता का? मला विचाराल तर द्वेष वगैरे नसावा. जिथे खेळणारे जास्त, तिथे लक्ष जास्त, आणि बाकीच्यांना जागा मिळेल तिथे कोंबलेलं. पण ज्याला कोंबलं जातं त्याला या दोन्हींतला फरक समजावून सांगणं अवघड आहे. मी तो कधी सांगितलाही नाही. सतरा नंबर चिकटवला.

पुढे कंपनीने भारतीय भाषांतल्या तक्रारी घ्यायचं ठरवलं आणि मराठीचं टेबल माझ्याकडे आलं. मराठी तिकिटं दिवसाला एखाद-दुसरी. ती इंग्रजीत भाषांतर करून वर पाठवायची, वरचं उत्तर मराठीत करून खेळाडूला द्यायचं. नियम एकच होता, भाषांतर जसंच्या तसं. भाषांतरकाराने स्वतःचं मत घालायचं नाही. अगदीच काही सांगायचं असेल तर वेगळा फॉर्म उघडून टीप टाकायची. हा नियम मला फार आवडला. माझा सगळा जन्म जसंच्या तसं लिहिण्यात गेला होता. भाषांतराच्या अचूकतेचे दर महिन्याला गुण मिळायचे आणि माझे कधी शंभराखाली गेले नाहीत. मी ते घरी सांगायचो.

पाचव्या वर्षी नाताळचा उत्सव निम्म्यावर आला तेव्हा मुख्य बक्षीस म्हणून भारतात बांधलेला एक जुना रणगाडा जाहीर झाला. आपली माणसं दोन दिवस खुशीत होती. मग कळलं की तोही ब्रिटनच्या झेंड्याखालीच मिळणार. सकाळी मी ऑफिसात पोचलो तेव्हा तिकिटांचा ढीग लागलेला होता, आणि त्यात एक मराठी अर्ज होता. तिकीट नव्हे, अर्ज. वर "महोदय", खाली "आपला विश्वासू", मध्ये विषय: "आमची गाडी परदेशी झेंड्याखाली दिल्याबाबत हरकत." रणगाडा चालवणारे रणगाड्याला गाडी म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अर्ज लिहिणारे हणमंतराव, सैन्यातून निवृत्त झालेले रणगाड्याचे ड्रायव्हर. नाव, हुद्दा, पत्ता सगळं दिलेलं, खेळाडू कधी देत नाहीत तसं. पत्ता उमरोळीचा होता. मी रोज स्कूटरने पालघरहून बोईसरला जाताना ज्या फाट्यावरून जायचो तिथून दहा मिनिटांवरचा. मला गंमत वाटली. जगभरची भांडणं सोडवता सोडवता वाटेवरचा माणूस निघाला. मी खाली वाचत गेलो.

"जपानला जपानचा झेंडा, इस्रायलला इस्रायलचा, आणि आमची गाडी गोऱ्यांच्या कोठारात का? ते सत्तेचाळीस साली गेले. या गाडीवर आम्ही चौघे आहोत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही चौघेच खेळतो. बलवीर गोळा भरतो, पिल्लै नेम धरतो, महादेव वरून बघतो, मी चालवतो. आम्हाला कोणाचे काही नको. फक्त झेंडा आमचा लावा."

हे तिकीट साधं सतरा नंबरचं होतं. पण त्याच वेळी वरच्या चौकशी विभागाने हणमंतरावांच्या खात्यावर लाल खूण केलेली होती. कारण असं की उत्सवाच्या काळात काही टोळकी एकच खातं पाळीपाळीने चालवतात, एक झोपला की दुसरा बसतो, आणि बक्षीस लाटतात. एक खाते, एक माणूस, हा खेळातला सगळ्यात कडक नियम. हणमंतराव दिवसाला दहा-दहा तास खेळत होते, म्हणून यंत्राला संशय आला. वरून निरोप होता की या खेळाडूच्या अर्जाचं भाषांतर तातडीने पाठवा.

मी भाषांतर करायला घेतलं आणि "आम्ही चौघे" या शब्दांपाशी थांबलो. खोटं का सांगू, मला शंका आली होती. उमरोळीतल्या एका घरात एक पंजाबी, एक मद्राशी, एक मराठी आणि एक हणमंतराव सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका संगणकापुढे बसतात, हे काही खरं वाटत नव्हतं. शिवाय वाक्याचा सूर वेगळाच होता. मी तो खेळ एकदाही खेळलेलो नव्हतो, त्यामुळे सूर कशाचा ते कळेना. मी प्रणालीला म्हणालो, "याला टीप लावावी म्हणतो. हे चौघं म्हणजे खरेच चौघं आहेत का, खेळाडूला विचारा, अशी."

तिच्यापुढे त्या दिवशी अकराशे तिकिटं पडलेली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "टीप टाकली तर अर्धा तास जातो, काका. त्यानं काय लिवलंय?"

"आम्ही चौघे खेळतो, असं."

"मग तसंच लिवा. तुमचा काय दोष हाय त्यात?"

मी तसंच लिहिलं. जसंच्या तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. टीप टाकली असती तर माझं त्या दिवसाचं काम मागे पडलं असतं, दुसरं काही झालं नसतं. दोष प्रणालीवर टाकायचा नाहीये. शंका मला आली होती, तिला नाही.

दुपारी निर्णय आला. खेळाडूने स्वतःच्या लेखी कबुलीनुसार चार व्यक्ती एक खाते वापरतात, सबब खाते कायमचे बंद. उत्सवाचे नऊ दिवस उरले होते. ते उत्तर मराठीत करून पाठवण्याचं कामही माझंच होतं. मी ते चांगल्या मराठीत केलं.

तीन दिवसांनी दुसरा अर्ज आला. खातं बंद झालं तरी अपिलाचा एक रस्ता उघडा असतो, त्या रस्त्याने. या खेपेला विषय होता "शिक्षेबाबत विनंती". चारच ओळी होत्या. "आमच्याकडून नियम मोडला असेल तर शिक्षा मला द्यावी. माझ्या तिघा साथीदारांचा यात दोष नाही. त्यांना गाडीवरून उतरवू नये. त्यांना दुसरीकडे जागा नाही."

ज्याने पहिलं तिकीट हाताळलं त्याला अपिलाला हात लावता येत नाही. मी ते फक्त वाचू शकत होतो. मी चार-पाच वेळा वाचलं. मग दुपारी घरी जाताना उमरोळीच्या फाट्याला स्कूटर आत वळवली. खेळाडूच्या घरी जाणं आमच्या कामात सगळ्यात मोठा गुन्हा होता. आत वळेपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की नुसतं घर बघून परत यायचं.

घर शेताच्या कडेला, दोन खोल्यांचं. शेजारची बाई अंगणात सुकट वाळत घालत होती. मी हणमंतरावांचं नाव घेतलं तर म्हणाली, "दार ढकला, उघडंच हाय. हल्ली बाहेर नाय येत ते. पोरगी कामावरून आली का जेवतात."

आत सत्तरीच्या आसपासचा, ताठ पाठीचा माणूस खुर्चीत बसलेला होता. समोर संगणक चालू होता आणि त्याच्या पडद्यावर मी लिहिलेलं पत्र होतं. मी त्यांना म्हणालो की मीही हा खेळ खेळतो, तुमचं खातं बंद झाल्याचं ऐकलं म्हणून आलो. ही थाप होती. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मी कोण, कुठला हेसुद्धा विचारलं नाही.

"या, बसा. हे वाचा," ते पडद्याकडे बोट करून म्हणाले. "मराठी लिवणारा मानूस शिकलेला दिसतोय. कुटं म्हून चूक न्हाई. पर आमचं चुकलं काय ते काय त्यातनं उमगलं न्हाई."

मी म्हणालो, एका खात्यावर चौघं खेळता असं तुम्ही कळवलंत, म्हणून असेल.  ते म्हणाले, "चौघंच असत्यात गाडीवर. चार मानसांचीच गाडी हाय ती."

मग त्यांनी सांगितलं. ते मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यात त्या जुन्या रणगाड्याचे ड्रायव्हर, आणि बलवीर, पिल्लै, महादेव हे त्यांचे तिघं साथीदार. सहा वर्षं चौघं एका गाडीवर होते. राजस्थानात तोफा डागण्याचा सराव चालू असताना एका सकाळी गाडीचा चाकांवरचा पट्टा सैल झाला, म्हणून हणमंतराव खाली उतरून तो आवळत होते. तेवढ्यात आत गोळा फुटला. तिघंही गेले. लढाई नव्हती, म्हणून कुठे नाव लागलं नाही. ते सैन्यातून बाहेर पडले, तारापूरला एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार म्हणून पंचवीस वर्षं उभे राहिले, बायको गेली, नोकरी संपली. मुलगी औषधांच्या कारखान्यात लागली तेव्हा तिने जुना संगणक घरी आणला आणि करमणुकीला म्हणून हा खेळ लावून दिला.

आता खेळातली एक गोष्ट, जी मला पाच वर्षं कंपनीचं काम करून माहीत नव्हती आणि त्या दिवशी कळली. रणगाड्याच्या आत बसलेले सैनिकही खेळात दाखवतात. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि त्यांना आपण हवी ती नावं देऊ शकतो. हणमंतरावांनी तिघांची नावं दिली होती. चालवणारा म्हणून स्वतःचं.

"हितं गोळा लागला तरी पुढच्या खेपेला तिघं बी जाग्यावर असत्यात," ते म्हणाले. "आजवर त्यांना दुसऱ्याच्या गाडीत बशिवलं हुतं. आता आपली गाडी मिळनार हुती. पाच कामं ऱ्हायली हुती फकस्त."

मी विचारलं, मग झेंड्यासाठी एवढं का भांडलात? गाडी मिळाली असती की त्या झेंड्याखालीसुद्धा. हे विचारताना मला स्वतःलाच सतरा नंबरचा वास आला.

त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. "त्या तिघांच्या अस्थींच्या पेट्या घरी पोचवाया मी गेलतो. तिन्ही गावांस्नी. पेटीवर जो झेंडा हुता त्योच गाडीवर पायजे. दुसऱ्या झेंड्याखाली त्यास्नी कसं बशिवनार?"

पाच वर्षं मी त्या रागाकडे पोरखेळ म्हणून बघत आलो होतो. मास्तरांच्या तक्त्यांना हसलो होतो, पोलिश गृहस्थांचं वाक्य चहाच्या वेळी सगळ्यांना म्हणून दाखवलं होतं. त्यांच्यापैकी कोणाच्या घरात काय होतं, मला काय माहीत? मी चहासुद्धा न घेता उठलो. मी कोण आहे ते तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीपेचा फॉर्म उघडला. भाषांतरकाराची चूक, असं स्वतःच्या नावाने लिहिलं. चौघे म्हणजे रणगाड्यातल्या पात्रांची नावं आहेत, खेळणारा एकच आहे, ही शंका मला त्याच दिवशी आली होती आणि मी ती कळवली नाही, हेही लिहिलं. प्रणालीने वाचलं. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "मी नाय बोलले असते तर तुमी टाकली असती ना टीप?" मी खरं उत्तर दिलं की माहीत नाही. तिने फॉर्म वर पाठवला. त्या महिन्यात माझे गुण शंभरावरून उतरले आणि मराठीचं टेबल माझ्याकडून गेलं. त्याची मला खंत नाही. ते जायलाच हवं होतं.

वरून उत्तर यायला तीन दिवस लागले, कारण तिकडे सुट्ट्या होत्या. उत्तर चांगलं होतं. खातं सुरू करायला कंपनीची हरकत नव्हती. फक्त खेळाडूने नोंदवलेल्या ईमेलवरून एक ओळ लिहून द्यायची: "हे खाते मी एकटाच वापरतो, दुसरे कोणी नाही." ती आली की तासाभरात खातं उघडणार. उत्सवाचे दोन दिवस उरले होते आणि त्यांची कामं पाचच होती. हिशेब बसत होता. मी वाटेत एकदाही न थांबता उमरोळी गाठली.

या खेपेला मी आधी स्वतःबद्दल सांगितलं. मी खेळाडू नाही. ती शिकलेल्या माणसाची मराठी माझीच. तुमचा अर्ज इंग्रजीत मीच केला, मला शंका आली होती आणि मी गप्प राहिलो. हणमंतराव ऐकत होते. मधेच त्यांनी उठून संगणकाचा पडदा थोडा माझ्याकडे वळवला, पुन्हा बसले. मी थांबल्यावर म्हणाले, "बरं. मग आता काय करायचं?"

मी ओळ सांगितली. इंग्रजीत मी टाइप करून देतो, तुम्ही फक्त पाठवा. त्यांनी ती मराठीत म्हणायला सांगितली. मी म्हटली. त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितली. दुसऱ्या खेपेला माझा आवाज जरा खाली आला.

"एकटाच," ते म्हणाले.

"नुसती ओळ आहे," मी म्हणालो. "नियमासाठी. ती लिहिली म्हणून तिघं कुठे जात नाहीत. उलट लिहिलीत तरच परत येतील. परवा आपली गाडी मिळेल तुम्हाला. झेंड्याचं नंतर बघू."

त्यांनी हाताच्या तळव्याने गुडघा चोळला.  मग ते म्हणाले, "तवा चौकशीत बी हेच लिवून मागितलं हुतं. गाडीवर कोन ऱ्हायलं? मी सही केली, मी एकटा. मेजर सायबांनी हात धरून जागा दावली, हितं कर म्हनले. एकदा लिवून दिलंय सायेब. पुन्ना न्हाई द्यायचा."

मी खूप बोललो. दोन दिवसांत संधी जाईल, पुन्हा कधी मिळणार नाही, हे दोन-तीन तऱ्हांनी सांगितलं. हवं तर शब्द बदलून देतो म्हणालो, "एकटा" न लिहिता दुसरं काही लिहू. पण वरच्यांना नेमका तोच शब्द हवा होता आणि हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे करून संगणक बंद केला. मला दारापर्यंत सोडायला आले. पायरीवर मी म्हणालो, हणमंतराव, मला माफ करा, माझ्या चुकीमुळे तुमचं सगळं गेलं.

ते माझ्याकडे खरोखर न समजल्यासारखे बघत होते.

"तुमची कसली चूक?" ते म्हणाले. "आमी चौघं, आसं लिवलं हुतं ना तुमी? मग बरोबरच लिवलं हुतं."